चालत्या गाडीतून निसर्गचित्र: काय टिपायचं, काय सोडायचं

जलरंगी

गाडीतल्या स्केचिंगबद्दल इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलून झालंय, पण सगळं विखुरलेलं आहे. एका जागी यावं म्हणून हा धागा. वही कुठली आणि ब्रश कुठला हे प्रश्न येतीलच, त्याआधी एक हिशेब करून घेऊ.

गाडी ताशी ९० किमी वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. खिडकीशी बसल्यावर समोरचा साधारण ६० अंशांचा पट्टा नजरेत येतो असं धरा. मग रुळांपासून १० मीटरवरचं झुडूप अर्धा सेकंदही दिसत नाही. १०० मीटरवरचं कौलारू घर साडेचार सेकंद दिसतं, एक किलोमीटरवरची टेकडी पाऊण मिनिट आणि पाच किलोमीटरवरची डोंगररांग जवळजवळ चार मिनिटं. बहुतेकांचं चित्र फसतं ते इथेच, कारण नजर घराकडे जाते. घर निम्मं काढून होईतो ते गेलेलं असतं, मग उरलेलं मनाने भरलं जातं आणि त्याचा डोंगराशी मेळ बसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. घरूनच वहीच्या पानावर ४.४ × ६ सेंमीच्या चौकटी आखून न्या, एका पानावर सहा. (हेच माप का, ते खाली कुणी विचारलं तर सांगतो.)

२. चौकटीत पहिली रेघ क्षितिजाची. दुसरी सर्वांत लांबच्या रांगेची कड, एका दमात, पेन्सिल न उचलता.

३. मग डोळे बारीक करून तीनच छटा ठरवा: आभाळ, लांबचा डोंगर, मधली जमीन. सर्वांत गडद कोणती, सर्वांत उजळ कोणती. चौकटीत १, २, ३ आकडे टाकले तरी पुरे.

४. मधल्या पट्ट्यातलं झाड, घर, देऊळ यांपैकी एकच उचला. ते चौकटीत कुठे बसणार तिथे फुली मारा आणि आकार बाजूच्या कोऱ्या जागेत काढा.

५. जवळचं काहीच काढू नका. त्याचे फक्त रंग टिपा: गवताचा पिवळा, खडीचा करडा, कापलेल्या दरडीचा तांबडा. हे रंग चौकटीखाली ठिपक्यांनी लावून ठेवा.

एक चौकट दोन ते तीन मिनिटांत संपवायची. त्याहून रेंगाळलात तर समोरचा देखावाच बदललेला असतो.

साहित्य मोजकं: २बी आणि ४बी पेन्सिल (टोक लाकडाबाहेर फार काढू नका, हिसक्याने मोडतं), दांड्यात पाणी भरायचा एक ब्रश, अर्ध्या पॅनची (रंगाच्या लहान वड्यांची) आठ रंगांची पत्र्याची पेटी, ए५ मापाची ३०० जीएसएम (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत) कागदाची वही, दोन बुलडॉग क्लिपा, मनगटाला गुंडाळायला जुना सुती रुमाल. वहीचा कागद याहून पातळ असेल तर दमट हवेत फुगतो आणि वॉश (पाणीदार रंगाचा हात) खळग्यांत साचतो.

घाटपायथा

हिशेब पटला. त्याला जोड म्हणून, वेग जिथे आपोआप पडतो त्या जागा आधीच हेरून ठेवाव्यात. कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी हे दोन्ही घाट ३७ ला १ चढाचे. गाड्यांना मागून बँकर (ढकलणारी जादा) इंजिनं लागतात, त्यामुळे बऱ्याच गाड्या कर्जतला आणि कसाऱ्याला थांबतातच. ती मिनिटं रंग भिजवायला आणि चौकटी जुळवायला वापरा. चढणीवर वेग तिशी-चाळिशीत येतो, म्हणजे वरच्या हिशेबातले सेकंद दुपटीहून जास्त होतात. १०० मीटरवरचा कडासुद्धा दहा-बारा सेकंद मिळतो.

अडचण बोगद्यांची. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच झगझगीत दरी समोर येते आणि सगळं फिकं दिसतं. बाहेर पडल्यावर पहिले चार-पाच सेकंद छटा ठरवू नका, तेवढ्यात फक्त कड काढा. बोगद्यात डब्यातल्या पांढऱ्या दिव्यांखाली रंगही मिसळू नका. तो उजेड थंड असल्याने मिश्रणात गरम रंग नकळत जास्त पडतो आणि बाहेर आल्यावर डोंगर मातकट निघतो.

सह्याद्री काढताना त्याची रचना लक्षात असू द्या. बेसाल्टचे थर आडवे आहेत: उभा कातळ, मग गवताचा उतार, पुन्हा कातळ. या पायऱ्या आडव्या पट्ट्यांनी आल्या की राजमाची राजमाचीसारखी दिसते. नुसता त्रिकोण काढला तर तो कुठलाही डोंगर होतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन माथ्यांमधली खिंड आधी पकडा, बाकीचं तिच्या आधाराने बसतं.

सावली_डोंबिवली

छान धागा! वाचनखूण साठवली.

माझे दोन प्रश्न. एसी डब्याच्या काचेतून रंग नीट कळतच नाहीत, त्याचं काय करायचं? आणि व्हिस्टाडोमचं (छतालाही काच असलेल्या डब्याचं) तिकीट यासाठी काढावं का?

जलरंगी

सावलीताई, एसीची काच गडद असते आणि डोळा तिला काही मिनिटांत सरावतो. बाहेरचं सगळं एका छटेने खाली गेलंय हे मग जाणवतही नाही. कागद मात्र आतल्या उजेडात असतो, त्यामुळे तुलना बिघडते. उपाय असा की रंगावर विश्वास ठेवू नका, छटांमधला फरक तेवढा घ्या. डोंगर आभाळापेक्षा किती गडद हे काचेतूनही बऱ्यापैकी खरं दिसतं. खरा रंग गाडी स्टेशनात उभी असताना फलाटावर उतरून बघा.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब येतं त्याला गडद रंगाचा साधा शर्ट हा सर्वांत स्वस्त उपाय. पांढरा कुर्ता घातलात तर डोंगरावर कुर्ता दिसणार.

व्हिस्टाडोमची काच मोठी, पण छतातूनही ऊन येतं आणि पांढऱ्या कागदावर इतकं चमकतं की सगळ्या छटा फिक्या वाटतात. मग माणूस रंग जास्त गडद लावतो आणि घरी येऊन बघावं तर चित्र काळवंडलेलं. तिथे करड्या किंवा क्राफ्ट (तपकिरी) कागदावर गुआश (अपारदर्शक जलरंग) करावं. कागदच मधली छटा देतो, आपण फक्त उजळ आणि गडद लावायचं. गुआश वाळताना उजळ रंग थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे उजळतात, तेवढं धरून चला.

माझं मत विचाराल तर साध्या स्लीपरची किंवा सेकंड सीटिंगची उघडी खिडकी सर्वांत उत्तम. गज आडवे येतात अशी तक्रार असते, पण ते फुकटची आलेख-चौकट आहेत. डोंगराची कड दुसऱ्या गजाला कुठे छेदते, क्षितिज कितव्या गजावर आहे, हे पाहून प्रमाण झटपट बसतं. डोकं मात्र एका जागी ठेवायचं. पाठ टेकून बसलेले असताना पुढे वाकलात की क्षितिज गज सोडतं.

वॉश_अँड_गो

रंग पेटीऐवजी ट्यूबमधून नेले तर? आणि हादऱ्यांनी रेघा वाकड्या येतात त्यावर काही?

घाटपायथा

ट्यूब नकोत. टोपण सीटखाली गेलं की संपलं. ट्यूबमधला रंग आदल्या दिवशी रिकाम्या पॅनमध्ये भरून वाळू द्या. कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूबचा रंग असा वाळवून पुन्हा भिजवता येतो. एकदम काठोकाठ भरला तर वाळताना तडकून सुटतो, म्हणून दोन थरांत भरा. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवसही लागतात.

हादऱ्यांचं म्हणाल तर वही समोरच्या टेबलावर ठेवू नका. टेबल डब्याबरोबर हलतं, हात शरीराबरोबर, दोघांचा ताल वेगळा. वही डाव्या हाताच्या बाहीवर आणि पोटाशी टेकवा, दोन्ही कोपरं बरगड्यांना लावा. मग वही आणि हात एकत्र हलतात. उभ्या रेघा आखूड काढा. यार्डात शिरताना सांध्यांवरून डबा आडवा हिसकतो, तेव्हा पेन उचलून घ्या, कारण तिथे आलेली रेघ सुधारत नाही. शाईचं पेन न्यायचं असेल तर शाई वाळल्यावर पाण्याने न पसरणारी हवी, आणि वापर नसताना निब वर ठेवायची.

पाण्याची वाटी लहान घ्या, १५-२० मिली पुरे. तळाला चुंबक चिकटवून ती पत्र्याच्या पेटीवरच बसवली की सांडत नाही. आणि कृपया गढूळ पाणी खिडकीतून फेकू नका, ते मागच्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर जातं.

सडा_आणि_कातळ

कोकण रेल्वेचं वेगळं लिहितो, कारण घाटाचे नियम तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. 

पहिली गोष्ट, ज्यांना समुद्र काढायचा आहे त्यांची महाराष्ट्रातल्या टप्प्यात निराशा होते. तिथे गाडी बरीच आतून जाते. मिळतात त्या खाड्या आणि नद्या: चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, पुढे गोव्यात मांडवी आणि झुआरी, कारवारजवळ काळी. होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. पाणी, नारळीची किनार आणि आभाळ एवढाच मामला असल्याने जलरंगाला त्याहून सोपा विषय मार्गावर नाही.

दुसरं, कटिंग. जांभ्याच्या उभ्या दरडी रुळांपासून काही मीटरवर असतात, सलग मिनिटभर नुसती तांबडी भिंत. त्या वेळात मान खाली घालून आधीच्या चौकटीचे रंग भरा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. तेवढ्यात हलका वॉश वाळायला लागतो. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. ताशी ७५ च्या वेगाने वीस सेकंदांत संपतो. तिथे खाली बघून दरी काढायला जाऊ नका. उंची दाखवायची तर समोरच्या उतारावरची झाडं वरून दिसतात तशी, म्हणजे खोडाशिवाय नुसते गोल माथे, एवढीच खूण पुरते.

तिसरं, क्रॉसिंग. बराचसा मार्ग एकेरी आहे, समोरून गाडी यायची असेल तर आपली गाडी लहानशा स्टेशनात उभी राहते. बाकीचे प्रवासी वैतागतात तेव्हा चित्रकाराने वही काढावी. मार्गाच्या कडेचं तपशिलाचं सगळं काम, जसं कौलांच्या ओळी, फणसाचं खोड, गडग्याचे दगड, या थांब्यांवरच होतं. पावसाळी वेळापत्रकात वेगही कमी असतो, तो आपल्या फायद्याचा.

उजेड: मुंबईहून मडगावकडे जाताना डाव्या हाताला पूर्व, म्हणजे सह्याद्री. सकाळच्या गाडीने तो उजेडाविरुद्ध दिसतो, एकामागे एक निळसर रांगा, तपशील शून्य. जलरंगात हेच हवं असतं. दुपारनंतर त्याच डोंगरावर समोरून ऊन पडतं, घळी आणि कातळ स्पष्ट दिसतात, पण खोली कमी होते. सीटच्या नंबरवरून डावं-उजवं ठरवू नका. डबा कुठल्या तोंडाने लागलाय त्यावर ते उलटंही होतं.

रंगांची मिश्रणं: लांबची रांग कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा लाइट रेड. जांभा म्हणजे बर्न्ट सिएना आणि लाइट रेड, ओला असेल तर त्यात किंचित अल्ट्रामरीन. ओला बेसाल्ट अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. जुलैतलं भात पेटीतल्या तयार सॅप ग्रीनने काढलंत तर ते प्लॅस्टिकचं दिसतं. गॅम्बोजमध्ये प्रशियन ब्लू अगदी थेंबभर घाला आणि बर्न्ट सिएनाने तो हिरवा मोडा. ऑक्टोबरात त्याच शेतांना यलो ऑकर लागतो.

कुंचला_नाशिक

+१. पावसाळ्याबद्दल एवढंच जोडतो: हवा दमट असली की पहिला वॉश वरून वाळलेला वाटतो, पण कागद आत ओलाच असतो. त्यावर भरलेला ब्रश टेकला की पाणी मागे सरकून दातेरी कडांचे डाग पडतात. बोटाची मागची बाजू कागदाला लावून पाहा, गार लागला तर थांबा. थांबायचं नसेल तर दुसरा रंग घट्ट घ्या, पातळ नको. हातकागद वापरणाऱ्यांनी आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघावा. सायझिंग (कागदाला दिलेला पाणी रोखणारा लेप) कमी असेल तर थेंब लगेच आत जिरतो आणि असा कागद गाडीत हाताळता येत नाही.

फोटोग्राफर_नव्हे

इतका खटाटोप कशाला? मोबाइलवर फोटो काढा, घरी निवांत रंगवा.

जलरंगी

फोटो काढा, मनाई कुणाचीच नाही, पण तो काय देतो ते माहीत असावं. एक शतांश सेकंदाच्या शटरला २५ मीटर वेगाने गाडी पाव मीटर सरकते, म्हणजे जवळचं सगळं पुसट. एक सहस्रांशाला अडीच सेंटिमीटर, ते चालतं. पण मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे जवळचे खांब आणि झाडं तिरकी येतात. तसं तिरकं झाड चित्रात उतरलं की वादळ सुटल्यासारखं दिसतं.

त्याहून मोठा मुद्दा असा की फोटोत एक क्षण येतो आणि खिडकीतलं चित्र कधीच एका क्षणाचं नसतं. डोंगर चार मिनिटं पाहिलेला, घर चार सेकंद, गवत नुसता रंग म्हणून. या तिन्हींचा वेळ वेगळा आहे आणि चित्रात त्यांना तितक्याच वेगळ्या निगुतीने वागवावं लागतं. फोटो सगळ्यांना सारखं वागवतो. घराच्या छपराचा कोन, बैलगाडीची चाकं असल्या माहितीसाठी तो ठेवावा. रचना स्केचवरूनच करावी.

लंडनकर_मराठी

याला जुना आधार आहे. इंग्लिश चित्रकार एरिक रॅव्हिलिअसचं १९४० चं ‘ट्रेन लँडस्केप’ पाहा: तिसऱ्या वर्गाचा रिकामा डबा, खिडक्यांच्या चौकटी आणि काचेत टेकडीवरचा पांढरा घोडा. ते दोन वेगळ्या चित्रांचे भाग जोडून केलेलं आहे. डब्याचा तपशील, म्हणजे गादीची नक्षी, दाराचा पट्टा, अगदी काटेकोर आणि बाहेरचा देखावा मोजक्या रेघांचा. आत थांबलेलं, बाहेर पळणारं, हा फरक त्याने रंगाच्या दाटपणाने दाखवलाय.

टर्नरचं १८४४ चं ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ इथे नॅशनल गॅलरीत आहे. त्यात गाडी समोरून येते, पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी: इंजिनाचं तोंड आणि पुलाचा कठडा एवढेच कडक, बाकी सगळ्या कडा विरघळलेल्या. वेग दाखवायला त्याला रेघोट्या ओढाव्या लागल्या नाहीत. मोनेने १८७७ मध्ये सेंट-लाझार स्टेशनची चित्रं केली त्यात तर गाड्या बहुतेक उभ्याच आहेत, विषय आहे काचेच्या छपराखालची वाफ. आपल्याकडे वाफ गेली, पण डिसेंबरात पहाटे इगतपुरीला धुकं आणि सिग्नलचे दिवे आहेत की.

सावली_डोंबिवली

बाहेरचं पुरे झालं असेल तर आतल्या माणसांबद्दल कुणी लिहील का? लोकलमध्ये बघत बसलं की लोक रोखून बघतात.

कुंचला_नाशिक

ताई, थेट बघूच नका. अंधार पडल्यावर किंवा बोगद्यात खिडकीच्या काचेत समोरचे चेहरे दिसतात, त्यावरून काढा. डावं-उजवं उलटं येतं, त्याने बिघडत नाही. झोपलेला किंवा मोबाइलमध्ये गुंतलेला माणूस दोन स्टेशनं तरी हलत नाही. आधी मानेचा आणि खांद्यांचा कोन, मग पिशवी धरलेला हात, चेहरा सर्वांत शेवटी आणि शक्यतो ओळखू न येईलसा. कुणी हरकत घेतली तर पान दाखवा आणि थांबा. फ्रेंच चित्रकार दोमिएच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या चित्रात पुढच्या बाकावरच्या बायका मोठ्या, उजेडात, आणि मागची गर्दी नुसते माथे. लोकलच्या गर्दीला ही रचना अजून लागू पडते.

वॉश_अँड_गो

ऑइल घेऊन जाता येईल का लांबच्या प्रवासात?

घाटपायथा

टर्पेंटाइन, मिनरल स्पिरिट, थिनर गाडीत नेणं बेकायदा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय बंद डब्यात त्या वासाने सहप्रवाशांचं डोकं उठतं. जाड रंग हवा असेल तर गुआश किंवा ऑइल पेस्टल न्या. आणि दारात बसून चित्र काढायचा मोह कुणाला होत असेल तर तो सोडा. पायरीवरून प्रवास करणं हाही गुन्हा आहे आणि दोन्ही हात वहीत गुंतलेले असताना धरायला काहीच उरत नाही.

फोटोग्राफर_नव्हे

बरं, पटलं. आता ते ४.४ × ६ चं गणित सांगा.

जलरंगी

पाव इम्पीरियल कागद ११ × १५ इंच. त्याच प्रमाणात लहान केला की ४.४ × ६. म्हणजे चौकटीतला एक सेंटिमीटर मोठ्या कागदावर अडीच इंच होतो. लोक ४ × ६ च्या चौकटीत काढतात आणि मोठं करताना वरखाली जागा उरते. ती आभाळाने भरली की क्षितिज घसरतं आणि सगळी रचना सैल पडते. चौकटीवर दीड सेंटिमीटरच्या उभ्या आणि १.१ सेंटिमीटरच्या आडव्या रेघा मारा, चार-चार भाग होतील, तेच भाग मोठ्या कागदावर.

घरी काम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करावं, आठवणीतला उजेड लवकर उडतो. आधी आभाळ आणि लांबची रांग ओल्यावर ओलं. ते पूर्ण वाळल्यावर मधला पट्टा, त्यातली फुलीची जागा फक्त कडक कडेची. एका प्रवासातल्या दोन-तीन चौकटी मिसळायला हरकत नाही, पण उजेडाची दिशा एकच असावी. सकाळच्या सावल्या आणि दुपारचं आभाळ एकत्र आले की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं.

पुरोभाग, म्हणजे चित्रातला सर्वांत जवळचा पट्टा, सर्वांत शेवटी. चपटा १ इंची ब्रश, रंग घट्ट, पाणी जवळजवळ नाही, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे फटके. ठिपक्यांत टिपलेले तीनच रंग. हे फटके क्षितिजाशी अगदी समांतर ठेवा. जराही तिरके गेले की जमीन उतरती दिसते.

सडा_आणि_कातळ

विजेचे खांब घ्यायचे की गाळायचे? आता कोकण रेल्वेवर शेवटपर्यंत वीज आहे, प्रत्येक चौकटीत खांब.

जलरंगी

सगळे गाळले तर चित्र बसमधूनचं वाटतं. सरळ मार्गावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर असतं, म्हणजे दर तीन सेकंदांना एक. एकच घ्या, चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या तिसऱ्या भागात, वरची कड कापून बाहेर जाणारा. कडा कोरड्या ब्रशने मोडलेल्या ठेवा, डोंगरासारख्या धारदार नकोत. तार काढलीच तर एक, आणि ती मध्यात किंचित झोळ खाणारी. मोजपट्टीने ओढली की खिडकीला तडा गेल्यासारखी दिसते.

सडा_आणि_कातळ

आणि वळणावर?

जलरंगी

वळणावर खांब जवळजवळ येतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूच्या खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे बाकदार रांगेत दिसतात. तिथे दोन किंवा तीन घ्या, लांबचा लहान आणि फिकट. डब्यांच्या खिडक्या मोजत बसू नका, एकच गडद पट्टा ओढा आणि ओला असतानाच टिश्यूने चार-पाच जागी उचलून घ्या.